विद्यानगरातला मासने

ती. विमलताईंना,

विद्यानगरहून मकरंदचा वाकून नमस्कार. (वाकणं पूर्वीसारखं जमत नाही, पण तुम्ही समोर नाही म्हणून पूर्ण वाकलो असं धरून चालावं.) तुमचे गुडघे काय म्हणतात? गिरीशचं बीपी आणि स्वातीची शाळा, दोन्ही आवाक्यात आहेत ना? नांदेडला ऊन म्हणे आत्ताच चटके द्यायला लागलंय. इकडे आमची स्थिती ठीक आहे. हा 'ठीक' मी पाटबंधारे खात्यात शिकलो. बंधाऱ्याला भेग पडलेली असते, पण पाणी अजून बाहेर आलेलं नसतं, तेव्हा आम्ही अहवालात 'स्थिती ठीक' असं लिहीत असू.

दसऱ्याच्या सुमारास उषाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तुम्ही धावत आलात, महिनाभर राहून तिचं सगळं केलंत. त्यानंतरचं तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळलेलं आहे आणि तेही भलत्या लोकांकडून, म्हणून आज सुरुवातीपासून लिहायला बसलो आहे. तुम्ही गेलात तेव्हा तिचा उजवा हात पडलेला होता आणि वाचा गेलेली होती. हातात पुढे थोडी धुगधुगी आली. वाचा मात्र आली नाही. समजतं सगळं. पेपर पुढे धरला की वाचते, मी चष्मा कुठे ठेवला हे डोळ्यांनी दाखवते, पण तोंडातून अक्षर नाही. ज्या बाईने पस्तीस वर्षं शाळेत पोरींना गणित शिकवलं आणि घरी मला व्यवहार, तिच्या घरात आता घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. आमच्या घरातलं घड्याळ आवाज करतं हे मला तोवर माहीतच नव्हतं.

बोलणं शिकवायला ऋचा नावाची मुलगी येते. पुण्याची आहे, नवरा इथे आयटीत; शिकली इंग्रजीत, त्यामुळे मराठी बोलते पण मराठी पाटी वाचताना अडखळते. ती म्हणाली, काका, बोलता न येणारे पेशंट कधी कधी गातात. गाण्याची जागा मेंदूत वेगळी असते. त्यांच्या आवडीची गाणी लावा. मी लगेच कामाला लागलो. भावगीतं लावली, नाट्यपदं लावली, अभंग लावले. उषा डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं तल्लीन झाली. भाग्यलक्ष्मी (दिवसभर तिच्याजवळ असते ती बाई, दखनी आणि तेलुगू अशा दोन भाषांत मला रागावते) म्हणाली, "तल्लीन कायकी साब, अम्मा परेशान होरे. बंद करो."

मग माझ्या ध्यानात आलं की उषा आयुष्यभर जे गायली ते या घरात कधी वाजलंच नव्हतं. शाळेत राजरत्नम सर म्हणून संगीताचे शिक्षक होते. त्यांनी शिक्षिकांचा आणि इकडच्या तिकडच्या हौशी लोकांचा एक कोरस काढला होता. शाळा सुटली की तिथेच त्यांची तालीम. उषा त्यात आल्टो, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज. घरी आल्यावर ती पोळ्या करायची, गायची नाही. मला लोक विचारायचे तेव्हा मी 'ख्रिसमसची गाणी म्हणतात' असं सांगून मोकळा व्हायचो, आणि उषा एकदा हताश होऊन म्हणाली होती की, नाही हो, मासने असतो.

राजरत्नम सर ऐंशी ओलांडून गेलेत. नारायणगुड्याला चर्चच्या मागच्या गल्लीत एकटे राहतात. मी गेलो तेव्हा त्यांनी कानातलं यंत्र लावलं, उषाची हकीकत ऐकली आणि यंत्र काढून ठेवलं. मग उठून सीडींची एक पिशवी आणि एक जुना प्लेअर काढून दिला. म्हणाले, "साब, ये आदमी थिएटर का था. दुनिया उसका थिएटर सुनती. चर्च के वास्ते जो लिखा, वो कोई नहीं सुनता. उषा मॅडम सुनते थे."

तर हा मासने. (स्पेलिंगमध्ये शेवटी टी आहे, पण म्हणायचा नाही. मी पहिल्या दिवशी म्हटला. सरांनी कानातलं यंत्र काढलं.) फ्रान्समध्ये होऊन गेला, दीडेकशे वर्षांपूर्वीचा. संगीत नाटकं लिहून नाव काढलं. आणि मधूनच धार्मिक विषयांवर मोठमोठ्या रचना केल्या. त्यांत पात्रं असतात, कोरस असतो, शंभरेक वाद्यं असतात, पण हातवारे नाहीत, पडदे नाहीत, सगळे उभे राहून गातात. ओरातोरिओ म्हणतात. आपल्याकडे कीर्तनकाराला नाटक कंपनीचा ऑर्केस्ट्रा दिला आणि हलायचं नाही अशी ताकीद दिली, तर साधारण तसं होईल. एक रचना बायबलातल्या पहिल्या स्त्रीवर, ईव्हवर आहे, एक येशूच्या शिष्येवर, मग्दलेनावर, एक येशूच्या आईवर. आईवरची पहिल्यांदा झाली तेव्हा लोक थंड बसून राहिले म्हणे. तिच्या शेवटच्या झोपेचा एक छोटा वाद्यांचा तुकडा तेवढा लोकांच्या मनात राहिला, बाकीचं सगळं बासनात गेलं. सर हे इतक्या दुःखाने सांगतात की जणू त्या रात्री ते स्वतः तिकिटं फाडायला दारात उभे होते.

ताई, मी कालव्यांचा माणूस. सुरांशी माझं जुनं वैर तुम्हाला माहीत आहे; आमच्या लग्नात मंगलाष्टकाचं एक कडवं म्हणायला उठलो तर तुमच्या वडिलांनीच मला खाली बसवलं होतं. पण उषाच्या खुर्चीशेजारी बसून रोज दुपारी ऐकावं लागलं, आणि ऐकता ऐकता काहीतरी झालं. पहिले काही दिवस वाटलं, सगळे मिळून रडताहेत. मग कळायला लागलं की रडणारे चार थर आहेत आणि प्रत्येक थराचं दुःख वेगळं आहे. ईव्हच्या रचनेत रात्रीचे आवाज तिला फूस लावतात, ते तर इतके लाघवी की मी भाग्यलक्ष्मीकडे बघून ओशाळलो. धर्माच्या नावाखाली या माणसाने नाटकातला सगळा गोडवा आत आणलाय. कुणी म्हणेल हे पावित्र्याला शोभत नाही. पण आपणही नाट्यपदांच्या चालीवर भजनं म्हणतोच की, आणि देवाने कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. आणि येशूच्या आईची ती शेवटची झोप. तो तुकडा फार हळू चालतो. कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचतं ना, तसा. पोचतो आणि थांबतो. आणि उषा डोळे मिटायची नाही. खुर्चीच्या हातावर तिच्या डाव्या हाताचं एक बोट ठेका धरायचं.

आवाज मोठा ठेवावा लागायचा, कारण माझे कानही आता सरकारी वेगाने काम करतात. खिडक्या उघड्या. त्यातून जो काही गोंधळ झाला तो लिहितो. आमच्या ऑफिसातले दिलीप आठवतात का? चिक्कडपल्लीला राहतात, तुम्ही इथे होतात तेव्हा रोज शहाळी घेऊन यायचे. त्यांनी एके दुपारी फोन केला. मी औषधाला बाहेर गेलो होतो. भाग्यलक्ष्मीने फोन उचलला आणि म्हणाली, "अम्मा सो गए जी, अब नहीं उठते." (दुपारी जेवल्यावर उषा झोपली की चार वाजल्याशिवाय उठत नाही, असा त्याचा अर्थ.) मागे मी बंद करायला विसरलेल्या प्लेअरवर मग्दलेना क्रुसाखाली आक्रोश करत होती, पूर्ण कोरससह. ते ऐकून दिलीपरावांना वाटलं असणार, केवढे लोक रडायला जमलेत. मी औषधं घेऊन चारनंतर परत आलो तर आमच्या जिन्यात ते आणि वंदनावहिनी उभे, पांढऱ्या कपड्यांत, मागे सोसायटीतले काही लोक माना खाली घालून. दिलीपरावांनी मला मिठी मारली. म्हणाले, "मकरंद, फार सोसलं रे तिने. सुटली." मला वाटलं, मी औषधाच्या दुकानात असताना झालं. जिना कसा चढलो आठवत नाही.

उषा खुर्चीत बसून केळं खात होती.

वंदनावहिनींनी किंकाळी फोडली. उषाने दारातल्या माणसांकडे पाहिलं, पांढऱ्या साडीकडे पाहिलं, दिलीपरावांच्या पाठीमागे धरलेल्या हाताकडे पाहिलं, आणि ताई, तिला सगळं कळलं. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं असं लिहिण्याचा मोह होतो, पण तसं झालं नाही. तिने केळं खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दिलीपरावांनी पाठीमागे लपवलेला हार शेवटी गणपतीच्या तसबिरीला घातला. मोठ्या मापाचा होता, दोन वेढे बसले. सगळ्यांनी चहा घेतला आणि पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. लोक गेल्यावर मी प्लेअर कपाटात ठेवून दिला आणि ठरवलं, पुरे. जिवंत माणसाच्या उशाशी हे कशाला वाजवायचं?

पण दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती कपाटाकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशीही. प्लेअर मी परत बाहेर काढला.

हे सगळं राजरत्नम सरांना सांगितलं तर ते म्हणाले, प्लेअरवर नाही होणार, माणसं पाहिजेत. जुन्या कोरसमधली माणसं जमवतो, तुमच्या घरीच गाऊ. मग्दलेनाच्या रचनेचा शेवटचा भाग घेऊ. तिथे बायका कबरीपाशी जातात आणि कबर रिकामी असते. उषाला तो सगळा पाठ होता. ऋचाला विचारलं, तिलाही पटलं. म्हणाली, काका, झालं तर इथेच होईल. आता जुना कोरस म्हणजे काय, तर तिघी बायका, त्यातल्या एकीला दम लागतो, दुसरी मुलीकडे कॅनडाला निघालेली. आणि एक गृहस्थ. पुरुषांचा खालचा आवाज म्हणून जे होते ते दोन वर्षांपूर्वी वारले. त्या जागेवर मी गावं असं मीच सुचवलं. कुणालातरी वाईट वाटू नये म्हणून सर 'हौ' म्हणाले, आणि ते कुणीतरी मी होतो.

फ्रेंच शब्द मी देवनागरीत उतरवून घेतले. आंघोळ करताना म्हणायचो, फिरायला जाताना म्हणायचो. समोरच्या उदयने सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं की मकरंदकाका धर्म बदलत आहेत का, तसं असेल तर गणपतीच्या वर्गणीचं कसं करायचं? मी उत्तर दिलं की गणपतीला माझ्याकडून मोठा हार आधीच पोचलेला आहे. तालमीला नारायणगुड्याला जायचो. सर पेटीवर सूर द्यायचे, मी माझा सूर द्यायचो, आणि दोघांमध्ये एखादा ट्रक जाईल एवढी जागा राहायची. शेवटी सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साब, आप होंठ हिलाओ. आवाज नक्को." मला राग आला नाही. उभं राहण्यापुरती का होईना, जागा मिळाली होती.

मग तो दिवस. आमच्या दिवाणखान्यात सोफा सरकवला, पेटी मांडली. उषाला भाग्यलक्ष्मीने निळी साडी नेसवली होती, तुम्ही दिलेली. ती खुर्चीत ताठ बसली, शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांसारखे डोळे करून. ऋचा कोपऱ्यात. सर पेटीवर. सुरू झालं. दम लागणाऱ्या बाईंनी असा सूर लावला ताई, की मला त्यांच्या दम्यापुढे हात जोडावेसे वाटले. कबरीपाशी जाणाऱ्या बायका. त्यांना माहीत नाही आत काय आहे ते. मी ओठ हलवत होतो. उषाकडे बघत होतो. तिचं बोट हलायला लागलं. मग तिचे ओठ हलायला लागले, माझ्यासारखेच, बिनआवाजी. आमच्या दोघांचे ओठ एकाच वेळी एकच न येणारा शब्द म्हणत होते. आणि मला राहवलं नाही. मी गायलो. मोकळ्या गळ्याने, छाती फुटेल असा गायलो. मला वाटत होतं, मी गायलो तर ती गाईल.

तिने मान वळवली, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, "बेसूर!"

पेटी थांबली. सर त्यांच्या यंत्राला बोट लावून म्हणाले, "क्या बोले?" मी म्हणालो, "बेसूर बोले, सर! बेसूर!" आणि आम्ही सगळे रडायला लागलो. ऋचा, भाग्यलक्ष्मी, कॅनडावाल्या बाई, सगळे. दिलीपरावांना फोन केला तर ते अर्ध्या तासात बालुशाही घेऊन आले (या वेळी रंगीत कपड्यांत), आणि उषाने त्यांच्याकडे बघूनही 'बेसूर' म्हटलं, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी आमच्या घरात एवढा आनंद झाला की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

इथे पत्र संपवता आलं असतं तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, चहा घेणार? ती म्हणाली, "बेसूर." मी हसलो. तिने मान हलवली, पुन्हा प्रयत्न केला, तोंड वेगळ्या शब्दासाठी उघडलं, आणि बाहेर आलं ते 'बेसूर'. पाणी हवं असलं तरी बेसूर. पाठ दुखली तरी बेसूर. आत जे काही आहे ते दाराशी येईपर्यंत त्याचा एकच शब्द होतो. ऋचाने मला बाहेर बोलावून सांगितलं की असं होतं. पुष्कळांच्या बाबतीत एकच शब्द परत येतो आणि तेवढाच राहतो. पुढे आणखी शब्द येतील का? काका, सांगता येत नाही. मी विचारलं, मग दुसरा एखादा बरा शब्द नसता का आला?

एकदा ती संध्याकाळी बेसूर, बेसूर म्हणत राहिली. मी पाणी दिलं, शाल दिली, चष्मा दिला, देवाचं पुस्तक दिलं. प्रत्येक वस्तू तिने डाव्या हाताने बाजूला सारली. शेवटी ती रडायला लागली. तो शब्द चुकीचा आहे हे तिला कळतं, ताई. हेच फार वाईट आहे. मग मी, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, नुसतं ऐकलं. फ्रेंच कुठे कळत होतं मला? तरी मग्दलेना कधी रागावते, कधी विनवते, कधी कुणाला हाका मारते, ते कळायला लागलंच होतं ना. तसंच ऐकलं. उषाचा तो शब्द शेवटाला खेचला जात होता, खिडकीच्या दिशेने. खिडकी बंद होती. उघडली. बाहेर शेजारच्या विद्यार्थ्यांचा क्रिकेटचा आरडाओरडा चालला होता. ती शांत झाली.

तेव्हापासून आमचं असं चाललं आहे. चहाचा बेसूर आखूड असतो, भाग्यलक्ष्मीवरचा खालच्या पट्टीत, आणि माझ्या गाण्यावरचा अस्सल, त्याला अर्थ लावावा लागत नाही. सगळे ओळखता येतात असं नाही. पुष्कळदा चुकतो, मग दोघेही दमून बसतो. दुपारी मासने लावतो, हळू आवाजात. सर आठवड्यातून एकदा येतात, ऐकतात, निराश होतात आणि जातात. स्थिती ठीक आहे.

मोठ्यांना नमस्कार, गिरीश-स्वातीला आशीर्वाद. तब्येतीला जपावं.

आपला,
मकरंद

ता. क. : ज्यासाठी एवढं लिहिलं ते राहूनच गेलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा भाग्यलक्ष्मीने तो उषाच्या कानाला लावला होता. मग तो बंद झाला आणि तेव्हापासून आला नाही. मी केला की स्वाती उचलते आणि 'आई पूजेला बसल्यात' असं सांगते. काल शेवटी तिनेच सांगून टाकलं, की तुम्ही उषाला लहानपणी दोघी मिळून म्हणायचात ते भोंडल्याचं गाणं म्हणून दाखवलं, आणि तिने त्यावर तो शब्द उच्चारला. तुम्हाला वाटलं, इतकी वर्षं पोटात होतं ते आजारपणात ओठावर आलं. ताई, तसं नाही हो. ती चहालाही तेच म्हणते. तुम्ही या. आल्याशिवाय तुम्हाला पटणार नाही.

ता. क. आणखी : मी तेव्हा स्वयंपाकघरात होतो आणि तो शब्द मी ऐकला. तो गाण्यावरचा नव्हता. तो शेवटाला वर जात होता. मी सकाळी चपला घालून बाहेर निघालो की ती दाराकडे बघून जो म्हणते, तो. 'कधी येणार?' असा मी त्याचा अर्थ लावतो. अर्थात माझ्या कानांवर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न आहेच. काचीगुड्याला उतरा. मी घ्यायला येतो. गाणार नाही.